शॉन ओ रियाडा आणि प्रार्थनेची भाषा

धर्मसंगीत म्हटलें कीं डोळ्यांपुढें प्रथम उभें राहतें तें भव्यतेचें चित्र. उंच कमानींचें देवालय, उंच नळ्यांचा प्रचंड ऑर्गन, चार किंवा आठ आवाजांत विभागलेला गायकवृंद, आणि या सर्वांच्या मागें पॅलेस्ट्रिना किंवा बाख यांच्यासारखा एखादा महारचनाकार. इंग्रजी शिक्षणाच्या वाटेनें ज्यांचा युरोपीय संगीताशीं परिचय झाला त्यांच्या मनांत हें चित्र इतकें घट्ट बसलेलें असतें कीं, याहून निराळ्या प्रकारच्या धर्मसंगीतालाहि मोठेपणा असूं शकतो ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. आज ज्या आयरिश रचनाकाराविषयीं आम्ही चार शब्द लिहिणार आहों त्या शॉन ओ रियाडा यांची (१९३१–१९७१) धर्मसंगीतांतील मुख्य कृति म्हणजे एका डोंगरी खेड्यांतील गांवकऱ्यांनीं एकसुरानें गावी म्हणून रचलेली मिस्सा होय. तींत आवाजांची गुंतागुंत नाहीं, वाद्यवृंद नाहीं, एखाद्या नामांकित गायकानें आपल्या गळ्याची करामत दाखवावी अशी जागाहि नाहीं. आणि लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, या सर्व गोष्टी ओ रियाडा यांना उत्तम प्रकारें येत होत्या.

त्यांच्या कार्याचें महत्त्व कळावयास थोडें मागें गेलें पाहिजे. आयर्लंड हा गाण्याचा देश. हार्प हें वाद्य त्यानें आपलें राष्ट्रचिन्ह म्हणून मिरविलें आहे. अशा देशांत, आणि तोहि बहुसंख्य कॅथलिक लोकांचा असतां, लोकांच्या तोंडीं रुळलेलें देवालयीन संगीत इतकें तुटपुंजें कां असावें, असा प्रश्न सहजच पडतो. सोळाव्या शतकांतील धर्मक्रांतीनंतर तेथील जुनीं मोठीं देवालयें राज्यकर्त्यांच्या अँग्लिकन पंथाकडे गेलीं. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एकामागून एक जे जुलमी कायदे झाले त्यांनीं कॅथलिक धर्मगुरूंना आडरानांत हांकलून दिलें, आणि मिस्सा व्हावयाची ती माळावरील एखाद्या खडकाच्या आडोशाला. चाहूल घेत घेत उरकावयाच्या उपासनेंत गायकवृंद कोठला आणि ऑर्गन कोठला! संगीताची परंपरा टिकली ती अँग्लिकन देवालयांत. हँडेलचें ‘मसाया’ १३ एप्रिल १७४२ रोजीं डब्लिन येथें प्रथम गाइलें गेलें तें तेथील दोन अँग्लिकन देवालयांच्या गायकांना हाताशीं धरून. पुढें डब्लिनचे चार्ल्स व्हिलियर्स स्टॅनफर्ड (जन्म १८५२) व आर्मा येथील चार्ल्स वुड (जन्म १८६६) असे दोन थोर धर्मसंगीतकार आयर्लंडांत जन्मास आले खरे; पण दोघांनींहि केंब्रिज गांठलें, दोघेहि तेथें एकामागून एक संगीताचे प्राध्यापक झाले, आणि दोघांचेंहि उपासनासंगीत इंग्रजी भाषेंत व इंग्रजी वळणाचें झालें. त्यांची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु कॉर्कच्या पश्चिमेकडील डोंगरांत राहणाऱ्या आयरिश शेतकऱ्याचा त्या संगीताशीं कांहीं संबंध नव्हता, ही गोष्टहि तितकीच खरी आहे.

१८२९ सालीं कॅथलिकांवरील मुख्य निर्बंध उठले व गांवोगांव देवालयें उभीं राहिलीं, तेव्हां निराळेंच संकट ओढवलें. १८३१ पासून निघालेल्या राष्ट्रीय शाळांतून इंग्रजी शिकविली जाऊं लागली. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व तितकींच परदेशीं गेलीं, आणि त्यांत आयरिश भाषा बोलणाऱ्या गरिबांचीच संख्या फार मोठी होती. याप्रमाणें देवालय मिळालें, पण भाषा हातची जाऊं लागली. वेदीवर लॅटिन, व्यासपीठावर बहुधा इंग्रजी, आणि उपासक जनता मुकी, अशी स्थिति झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत देवालयीन संगीत सुधारण्याची चळवळ निघाली खरी, पण तिचे आदर्श जर्मनीकडून आलेले होते. आयरिश भाषेंतील भक्तिगीतें नव्हतीं असें नाहीं. येशूच्या मृत्यूवर तीन मरियांनीं केलेल्या विलापाचें जुनें गीत घरोघरच्या बायका गात; पण तें गीत चुलीजवळचें. देवालयाच्या उंबरठ्याच्या आंत त्याला स्थान नव्हतें.

अशा देशांत १ ऑगस्ट १९३१ रोजीं कॉर्क शहरांत ओ रियाडा यांचा जन्म झाला. त्या वेळीं त्यांचें नांव जॉन रीडी असें इंग्रजी धाटणीचें होतें. आयरिश रूप त्यांनीं पुढें धारण केलें. वडील पोलिसांत हवालदारीच्या दर्जावर असून त्यांची नेमणूक लिमरिक परगण्यांतील अडेर या गांवीं होती. कॉर्कच्या विद्यापीठीय महाविद्यालयांत मुलगा आला तो ग्रीक व लॅटिन शिकावयास. पण लवकरच तो संगीताकडे वळला आणि १९५२ सालीं त्या विषयाचा पदवीधर झाला. त्याचे गुरु आलोइस फ्लाइशमान हे म्यूनिकमध्यें जन्मलेले व कॉर्कमध्यें वाढलेले विद्वान. म्हणजे शिक्षण सर्वस्वीं युरोपीय पद्धतीचें. आयरिश नभोवाणीवर संगीताच्या उपसंचालकाची नोकरी, ती सोडून १९५५ सालीं पॅरिसमध्यें कांहीं काळ वास्तव्य, जॅझ पियानोचा नाद, आणि तेथून परत आल्यावर डब्लिनच्या अॅबी नाट्यगृहाचें संगीतदिग्दर्शन, असा हा क्रम आहे. १९५७ सालीं त्यांनीं तंतुवाद्यांसाठीं ‘नॉमॉस’ मालिकेंतील पहिली रचना लिहिली. ग्रीक भाषेंत ‘नॉमॉस’ म्हणजे नियम, आणि एका विशिष्ट प्रकारच्या रागदारीसहि तोच शब्द आहे. पंचविशीच्या सुमारास असा श्लेष ज्याला सुचतो तो तरुण कोणत्या जातीचा होता हें निराळें सांगावयास नको.

१९५९ सालीं ‘मिशे एरे’, म्हणजे ‘मी आयर्लंड’, या नांवाचा बोलपट निघाला. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळांतील जुन्या चित्रफिती जोडून तो जॉर्ज मॉरिसन यांनीं तयार केला होता व त्याचें संगीत ओ रियाडा यांनीं दिलें. जुन्या आयरिश गीतांचे सूर पूर्ण वाद्यवृंदाच्या मुखानें ऐकून सारा देश हेलावून गेला, आणि अठ्ठाविसाव्या वर्षीं हा मनुष्य राष्ट्राचा लाडका झाला. दुसरा कोणी असता तर त्याच वाटेवर पुढें आणखी दहा बोलपट करून सुखी झाला असता. ओ रियाडा यांच्या मनांत मात्र उलट शंका आली असावी असें त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसतें. खेड्यांतील गायकाचा सूर वाद्यवृंदाच्या अंगावर चढविला म्हणजे तो श्रीमंत होतो, कीं केवळ परका होतो? त्यानंतर लवकरच त्यांनीं पारंपरिक वादकांचा ‘क्योल्तोरी खुलन’ नांवाचा संच उभारला. त्यांत बासरी, सारंगीसारखें वाजविलें जाणारें फिडल, कोपरानें भाता दाबून वाजवावयाची आयरिश पाइप, आणि बोरान नांवाचा डफ हीं वाद्यें होतीं. स्वतः ओ रियाडा हार्प्सिकॉर्ड वाजवीत. पुढें जगभर गाजलेला ‘चीफ्टन्स’ हा संच याच मंडळींतून निघाला.

१९६२ सालीं नभोवाणीवर ‘आमचा संगीत-वारसा’ या मथळ्याखालीं त्यांनीं एक व्याख्यानमाला दिली. तींतील एक विधान आमच्या वाचकांना विशेष गमतीचें वाटेल. आयरिश संगीत हें युरोपीय नव्हेच, त्याचें नातें पूर्वेकडील संगीताशीं अधिक जवळचें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. ‘शान-नोस’, म्हणजे ‘जुनी रीत’, या नांवाची जी आयरिश गायकी आहे तींत गायक एकटा, साथीवांचून गातो. आवाज लहानमोठा करून भाव दाखविण्याचा प्रकार तींत नसतो. जो रस भरावयाचा तो सुरांच्या वळणांनीं, आंदोलनांनीं व मुरकीसारख्या लहान लहान अलंकारांनीं. हें ऐकतांना आपल्याकडील श्रोत्याला ओळखीचें कांहीं तरी कानीं पडल्यासारखें होतें, यांत शंका नाहीं. तथापि ओ रियाडा यांचें विधान आम्हांस जसेंच्या तसें मान्य करवत नाहीं. रागाचा विस्तार हा शब्दांना मागें टाकून जाऊं शकतो, नव्हे, पुष्कळदां त्यांना मागें टाकल्यावरच तो खऱ्या अर्थानें सुरू होतो. शान-नोसचा गायक शब्दांचा हात कधीं सोडीत नाहीं. त्याचा प्रत्येक अलंकार कवितेच्या चरणाला बांधलेला असतो. नातें लावावयाचेंच तर तें आमच्या मैफलीच्या ख्यालाशीं नसून ओवीशीं अधिक जुळेल. असो. विधानाच्या खरेखोटेपणापेक्षां त्यामागची तळमळ महत्त्वाची आहे. आपल्या घरच्या गाण्याला लंडन किंवा व्हिएन्ना येथील मापांनीं मोजूं नये, त्याचीं मापें त्याच्याजवळच आहेत, हें त्यांना सांगावयाचें होतें.

१९६३ सालीं ते ज्या महाविद्यालयांत शिकले तेथेंच संगीताचे अध्यापक झाले, आणि त्यानंतर लवकरच बायकामुलांसह मस्केरीच्या डोंगराळ भागांतील कूलेआ या खेड्यांत राहावयास गेले. आयरिश भाषा जेथें अद्याप घराघरांत बोलली जात होती अशा थोड्या भागांपैकीं हा एक. शहरांतील विद्वान मनुष्य खेड्यांत जातो तो पुष्कळदां खेड्याला शिकवावयासाठीं. ओ रियाडा यांनीं शिकविलें खरें, पण आधीं त्यांनीं ऐकलें. गांवांत गाणारे पुरुष होते. पण त्यांतील प्रत्येक जण आपल्या परीनें, एकटा गाणारा. अशा गळ्यांना एकत्र करून त्यांनीं एक पुरुषांचा गायकवृंद उभारला.

योगायोग असा कीं, याच वेळीं रोमहून एक दार उघडलें. ४ डिसेंबर १९६३ रोजीं व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेनें उपासनाविषयक घटना प्रसिद्ध केली व देशी भाषांना उपासनेंत स्थान दिलें. आयर्लंडांत मार्च १९६५ पासून त्याप्रमाणें व्यवहार सुरू झाला. याच घटनेमुळें पुढें आमच्या वसईच्या देवालयांतून लॅटिनच्या जागीं मराठी मिस्सा ऐकूं येऊं लागली. त्या घटनेंत एक कलम आहे. ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, विशेषतः मिशनऱ्यांच्या देशांत, तेथें त्या परंपरेला मान द्यावा, असा त्याचा आशय आहे. लिहिणाऱ्यांच्या मनांत आफ्रिका व आशिया हीं खंडें असावींत. आयर्लंड हा तर मिशनरी पाठविणारा देश! परंतु तें कलम आपल्या दारालाहि लागू आहे, हें कूलेआंतील या माणसानें आचरणानें दाखवून दिलें.

आतां त्या मिस्सेकडे वळूं. १९६८ सालीं ती ‘क्योल अन अफ्रिन’, म्हणजे ‘मिस्सेचें संगीत’, या साध्या नांवानें प्रसिद्ध झाली. तिच्यापुढील अडचण वरवर दिसते त्याहून बिकट होती. शान-नोस ही एकट्याची गायकी. तिचें सारें सौंदर्य गायकानें त्या क्षणीं घेतलेल्या स्वातंत्र्यांत. पन्नास माणसांनीं एकाच वेळीं एकच मुरकी घ्यावयाची म्हटली तर तिचा गोंगाट व्हावयाचा. उलट ती अलंकारहीन करून तालाच्या चौकटींत बसवावी, तर उरते ती कोणत्याहि देशांत खपेल अशी प्रार्थनागीताची चाल. ओ रियाडा यांनीं अलंकार बहुतेक काढून टाकले, पण चालीची ठेवण, म्हणजे सुराचें चढणें व उतरणें, कोणत्या शब्दावर थांबावें व कोणत्या शब्दावरून घसरत जावें, हें सारें आयरिश बोलण्यांतून व जुन्या गाण्यांतून घेतलें. ताल काठीनें आपटून मोजतां यावा असा नाहीं. वाक्य जसें श्वासाबरोबर संपतें तशी ओळ संपते. सूर आजच्या मेजर-मायनरच्या जोडीत न बसणाऱ्या जुन्या स्वरसप्तकांतले. त्यामुळें ऐकणारास ती चाल कालची आहे कीं चारशें वर्षांपूर्वींची, हें सांगवत नाहीं. ऑर्गनची साथ आहे, पण ती भिंतीसारखी मागें उभी राहते. पुढें येऊन बोलत नाहीं. या मिस्सेंतील प्रभूची प्रार्थना आम्हीं अनेकदां ध्वनिमुद्रिकेवर ऐकली आहे. आयरिश भाषा आम्हांस येत नाहीं. तरी ती ऐकतांना जाणवतें तें हें कीं, गाणारीं माणसें देवाला कांहीं ऐकवीत नसून त्याच्याशीं बोलत आहेत.

पेरणी व कापणी यांच्या प्रतिमांनीं भरलेल्या एका लहानशा पारंपरिक प्रार्थनेला त्यांनीं दिलेली चाल, ‘अग क्रीस्त अन शील’, हीहि अशीच. ज्या माणसांनीं सकाळीं खरोखरच शेतांत काम केलें आहे त्यांनीं संध्याकाळीं ती म्हणावी, यांत कसलाहि देखावा उरत नाहीं. ग्लेनस्टल येथील बेनेडिक्टाइन मठासाठीं त्यांनीं पुढें दुसरी मिस्साहि रचली. तिचें जाणकारांनीं कौतुक केलें, पण लोकांच्या ओठीं राहिली ती पहिलीच.

आतां आक्षेपाकडे येऊं. तो हलका नाहीं. ज्याच्या हातून आयर्लंडचा पहिला जगन्मान्य वाद्यवृंद-रचनाकार घडावयाचा, त्यानें खेड्यांतील गायकवृंदांत स्वतःला कोंडून घेतलें. १९६३ नंतर मोठ्या वाद्यवृंदासाठीं त्याच्या हातून फारच थोडें झालें, असें त्यांच्या हयातींतच बोललें जात होतें. हॅरी व्हाइट या संगीत-इतिहासकारानें आपल्या १९९८ सालच्या ग्रंथांत याहून पुढें जाऊन, ओ रियाडा यांच्या या माघारीचा परिणाम एकंदर आयरिश संगीतावर झाला, युरोपीय पद्धतीनें स्वतंत्र बोलूं पाहणाऱ्या रचनाकाराचा आवाज त्यामुळें दबला, अशा रोखानें विवेचन केलें आहे. आम्ही हा आक्षेप उडवून लावूं इच्छीत नाहीं. ‘नॉमॉस’ मालिकेंतील रचना ऐकणाऱ्याला जें लिहिलें गेलें नाहीं त्याची हुरहूर लागल्यावांचून राहत नाहीं. शिवाय खेड्यांत जाऊन त्यांना शांति मिळाली, अशी गोड समजूतहि कोणीं करून घेऊं नये. मद्यानें त्यांचें शरीर पोखरलें होतें; महाविद्यालय, गायकवृंद, वाद्यसंच, वर्तमानपत्रांतील वाद आणि दारिद्र्य नव्हे पण सततची ओढाताण, यांत तीं शेवटचीं वर्षें गेलीं.

परंतु ‘माघार’ हा शब्द मात्र आम्हांस चुकीचा वाटतो. जो मनुष्य थकून सोप्याकडे वळतो त्याच्या कृतींत सोपेपणाचा ढिलेपणा दिसतो. या मिस्सेंत तसा एकहि सूर नाहीं. काय टाकावें हें ज्याला पुष्कळ येतें त्यालाच कळतें. आणि श्रोत्यांसाठीं लिहिणें व गाणारांसाठीं लिहिणें या दोन निराळ्या विद्या आहेत. सभागृहांतील श्रोता रचनाकाराचें नांव वाचूनच खुर्चीवर बसतो. देवालयांतील गाणारा नांव विसरतो, आणि त्यानें तें विसरावें अशीच त्या कृतीची मागणी असते. कलावंताच्या अहंकाराला याहून कठीण परीक्षा आम्हांस ठाऊक नाहीं.

या ठिकाणीं आम्हांस आपल्याकडील रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची आठवण होते. इंग्रजी चालींवर बेतलेलीं भाषांतरित गीतें मराठी ख्रिस्ती मंडळींत म्हटलीं जात असतां त्यांनीं अभंग, भजन व कीर्तन यांना प्रार्थनामंदिरांत आणलें. दोघांचा हेतु एकच, पण भाग्यांत मात्र अंतर आहे. टिळकांनीं ज्या भाषेंत गाइलें ती बोलणारीं कोट्यवधि माणसें भोंवतालीं होतीं. पंढरीच्या वाटेवरील टाळमृदंगाचा आवाज त्यांना कोठें शोधावयास जावें लागला नाहीं. ओ रियाडा यांची भाषा मात्र पायांखालून निसटत होती. आमच्या महाविद्यालयांतून आयर्लंड शिकविला जातो तो येट्स, सिंग व शॉ यांच्या इंग्रजींतून, आणि त्या इंग्रजीच्या वैभवाखालीं आणखी एक भाषा गाडली गेली आहे याची वर्गांत क्वचितच वाच्यता होते. इंग्रजींत परीक्षा देणारे, इंग्रजींत व्याख्यान देणारे, पण देव्हाऱ्यापुढें उभें राहिल्यावर मराठीवांचून दुसरा शब्द तोंडांतून न निघणारे आम्ही. आम्हांस या प्रश्नाची धार थोडीफार कळते. ज्याच्या प्रार्थनेचीहि भाषा इंग्रजी झाली त्याचें काय होतें, हें मात्र आम्हांस आयर्लंडकडूनच शिकावें लागेल. तेथील २०२२ च्या शिरगणतींत सुमारें अठरा लक्ष चौऱ्याहत्तर हजार लोकांनीं आपणांस आयरिश येतें असें नोंदविलें. शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले केवळ सुमारें बहात्तर हजार.

ओ रियाडा ३ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमधील एका रुग्णालयांत वारले. वय अवघें चाळीस. त्यांचें शव कूलेआजवळच्या बॅलीव्हर्नी येथें आणून संत गॉब्नेटच्या दफनभूमींत पुरण्यांत आलें. त्या वेळीं विली क्लॅन्सी या विख्यात वादकानें थडग्यापाशीं आयरिश पाइप वाजविली. थॉमस किन्सेला या कविमित्रानें त्यांच्यावर विलापिका लिहिल्या. गायकवृंदाचें पुढें काय व्हावयाचें? ती धुरा त्यांचे पुत्र पेदर यांनीं उचलली. त्या वेळीं त्यांचें वय सतराच्या आसपास होतें, आणि पुढें अनेक दशकें त्यांनींच तो वृंद चालविला. ओ रियाडा यांची प्रभूची प्रार्थना आतां कूलेआपुरती उरलेली नाहीं. ज्या शहरांत दुकानांत, घरांत, रस्त्यांत आयरिशचा एक शब्दहि ऐकूं येत नाहीं तेथेंहि मिस्सेच्या वेळीं लोक ती गातात. कित्येकांना आयरिश भाषेंतील जें थोडें अखंड तोंडपाठ असतें त्यांत ती असते, आणि चाल कोणाची म्हणून विचारलें तर ती जुनीच आहे असें त्यांतील कित्येक सांगतात.